अळंब्यांची नावे आणि अळंब्यांची ओळख

इंग्रजी-मराठी शब्दकोशांत 'मशरूम' या शब्दापुढे सामान्यतः अळंबे, भूछत्र, कुत्र्याची छत्री असे तीन शब्द एका ओळीत, स्वल्पविरामांनी जोडून दिलेले असतात. कोशकाराच्या लेखी ते पर्याय आहेत. बोलणाऱ्याच्या लेखी मात्र ते पर्याय नाहीत. श्रावणात अळंब्यांची भाजी केली असे कोकणातील कोणीही म्हणेल. कुत्र्याच्या छत्रीची भाजी केली असे कोणी म्हणणार नाही. 'भूछत्र' हा शब्द तर स्वयंपाकघरात पाऊलच टाकीत नाही. तो पाठ्यपुस्तकात राहतो. तीन शब्दांमागे वस्तूकडे पाहण्याच्या तीन वेगळ्या दृष्टी आहेत: एकीत ती वस्तू खाल्ली जाते, दुसरीत टाळली जाते आणि तिसरीत केवळ पाहिली जाते. या तिन्हींना समानार्थी मानल्याने काय घडते, हा प्रश्न वरवर पाहता कोशरचनेचा आहे. परंतु रानात उगवलेल्या कवकाच्या बाबतीत तो जिवाशीही येऊ शकतो, आणि म्हणूनच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे मला वाटते.

बंगळूरसारख्या नगरात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो, कारण येथे एकाच वर्गात पाच-सहा भाषांचे विद्यार्थी बसतात. 'मशरूम'साठी आपल्या भाषेत काय म्हणतात, असे विचारले की प्राण्यांची एक मिरवणूकच समोर येते. कन्नडमध्ये नायिकोडे, तमिळमध्ये नायक्कुडै, तेलुगूत कुक्कगोडुगु; तिन्हींचा अर्थ आपल्या मराठीप्रमाणेच कुत्र्याची छत्री. हिंदीतील कुकुरमुत्ता कुत्र्याचाच, पण छत्रीऐवजी मूत्राशी जोडलेला. बंगालीत छत्री बेडकाची होते (ब्याङेर छाता), गुजरातीत मांजराची टोपी (बिलाडीनो टोप). इंग्रजीतील 'टोडस्टूल' आणि डच भाषेतील 'पाडेस्टूल' यांत बेडूक छत्रीखाली न बसता तिच्यावरच बसतो. ही सगळी नावे परस्परांपासून घेतलेली नसावीत. निदान मांजर आणि बेडूक यांचा एकमेकांशी संबंध जोडणे अवघड आहे.

या नावांचे मूळ बरेच मागे जाते. चरकसंहितेत छत्रजातींचे गुण सांगताना 'सर्पच्छत्रक' तेवढे वगळून बाकीच्यांचा विचार केला आहे. पाली भाषेत अळंब्याला 'अहिच्छत्तक' म्हणतात; अर्थ तोच, सापाची छत्री. चरकातील त्या एका 'वगळून'कडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाते. प्राण्याचे नाव लावणे म्हणजे ती वस्तू माणसाच्या ताटाबाहेर ठेवणे, असा त्याचा अर्थ मी लावतो. कुत्रा, साप, बेडूक आणि मांजर यांना स्वतःला छत्रीची गरज नसते. 'ही आपली नव्हे' एवढेच त्या नावातून सांगायचे असते. अर्थात हा नियम सर्वत्र सारखा चालत नाही. तमिळ, बंगाली आणि डच भाषांत ही नावे पुढे सर्वसामान्य झाली, आणि खाद्य अळंब्यांनाही लागू लागली. निराला यांनी १९४२ च्या सुमारास 'कुकुरमुत्ता' ही कविता प्रसिद्ध केली आणि गुलाबासमोर त्या हिणकस नावालाच उभे केले. त्या उपरोधाची धार नावातील तुच्छतेवर अवलंबून आहे. मराठीत ती कविता आणताना शीर्षकासाठी 'अळंबे' हा शब्द योजला, तर कवितेचा कणाच मोडेल.

खाल्ल्या जाणाऱ्या अळंब्यांची नावे वेगळ्या रीतीने घडतात. ती प्राण्यावरून न पडता जागेवरून पडतात. तेलुगूतील पुट्टगोडुगु म्हणजे वारुळाची छत्री. कोंकणीतील रोयणीची अळमी म्हणजेही वारुळाची अळंबी, आणि गोव्यात ज्या रोयणीला सातेरी देवीचे रूप मानून पूजतात तीच ही रोयण. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात उद्भिदांचे वर्गीकरण असेच आहे: पेंढ्यावर उगवणारी, उसाच्या चोयट्यांवर उगवणारी, शेणावर उगवणारी, बांबूवर उगवणारी आणि जमिनीतून येणारी. जमिनीतून येणाऱ्यांची चव त्या त्या जमिनीनुसार बदलते, असेही तेथे नोंदवले आहे. रंगाचा किंवा आकाराचा उल्लेख वर्गीकरणाचा आधार म्हणून येत नाही. धर्मशास्त्रकारांनी मात्र एवढी चिकित्सा केली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात छत्राक लसूण-कांद्यांच्या पंक्तीला बसवले आहे, आणि सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला वर्ज्य पदार्थांत 'भौम कवके' सांगितली आहेत. आजच्या मराठी शास्त्रीय परिभाषेने जो 'कवक' हा शब्द स्वीकारला तो अशा निषेधाच्या यादीत वावरलेला आहे, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जागेवरून नाव देण्याची ही लोकरीत शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरते. कवक स्वतः अन्न तयार करीत नाही. ज्यावर ते उगवते तेच त्याचे अन्न असते. त्यामुळे 'कशावर उगवले' हा प्रश्न वस्तुतः 'हे काय खाते' असा असतो, आणि त्याचे उत्तर जातीनुसार बरेचसे ठरलेले असते. वारुळावरील अळंबी हे याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे हेम यांनी १९४२ मध्ये या गटाला 'टर्मिटोमायसेस' हे नाव दिले. वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळ्याच्या चघळलेल्या लगद्याच्या पोळ्या रचते आणि त्यांवर हे कवक वाढवते. पावसाळ्यात त्या पोळ्यांतून एक लांब, मुळासारखा देठ वर निघतो, टोकदार शेंड्याने माती फोडतो आणि जमिनीवर छत्र उघडतो. उपटून पाहिल्यास देठाचे टोक खोल खाली गेलेले आढळते. 'रोयणीची अळमी' या दोन शब्दांत हे सगळे जीवशास्त्र बीजरूपाने आहे. ज्याने हे नाव शिकवले त्याने ओळखण्याची खूणही शिकवली. देठ वारुळात जात नसेल तर ते हे अळंबे नव्हे.

जागेबरोबर दुसरा घटक ऋतूचा. मराठीतील अळंब्यांचा सारा व्यवहार आषाढ-श्रावणाशी बांधलेला आहे. कोकणातील अळंबी असोत वा विदर्भातील सात्या आणि टेकोडे असोत, ती मृगानंतरच्या पावसाची अपत्ये. जपानी हायकूच्या परंपरेत अळंबे हा शरदाचा ऋतुवाचक शब्द ठरलेला आहे. आपल्याकडे तो वर्षेचा आहे. कालिदासाने मेघदूताच्या आरंभी मेघगर्जनेने शिलींध्रे उगवतात आणि पृथ्वी वांझ राहत नाही अशी कल्पना मांडली. शिलींध्र म्हणजे अळंबे असे अनेक जण मानतात, तर मल्लिनाथ त्याचा अर्थ कंदली असा लावतो. दोन्ही पावसाबरोबरच उगवत असल्याने ऋतूवरून हा वाद मिटत नाही. येथे श्लोकाचा वाचकही रानात गेलेल्या माणसाच्याच अडचणीत सापडतो. नाव हाती आहे, पण नावाची वस्तू निश्चित नाही.

नावावरून वस्तू ठरविण्याच्या अशा प्रयत्नांचा इतिहास आपल्या विद्याक्षेत्रात मोठा आहे. महापरिनिब्बाणसुत्तात चुंद लोहाराने बुद्धाला वाढलेल्या 'सूकरमद्दव' या पदार्थाचा अर्थ टीकाकारांनी डुकराचे कोवळे मांस, मऊ भात असा निरनिराळा दिला. उदानावरील टीकेत धम्मपालाने, डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेले अहिच्छत्तक, असाही एक पक्ष नोंदवला आहे. येथेही अर्थ जागेवरूनच लावलेला आहे, हे पाहण्यासारखे आहे. गॉर्डन वॉसन यांनी १९६८ मध्ये ऋग्वेदातील सोम म्हणजे अमॅनिटा मस्कॅरिया हे लाल टोपीचे अळंबे होय असा सिद्धान्त मांडला, तो प्रामुख्याने सूक्तांतील विशेषणांच्या आधारावर. जॉन ब्रफ यांनी १९७१ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा करून, काव्यातील रंगवाचक शब्दांवर इतका भार टाकता येत नाही असे दाखविले. माझ्या मते ब्रफ यांची बाजू बळकट आहे. रूपकातून वनस्पती ओळखणे म्हणजे प्रेयसीच्या वर्णनावरून कमळाची जात ठरविण्यासारखे आहे. तथापि वॉसन यांच्या शोधातून एक मोलाची गोष्ट हाती आली. संथाळी भाषेत नामांचे सचेतन आणि अचेतन असे दोन वर्ग आहेत. वनस्पती अचेतनात जातात, पण 'पुटका' हे जमिनीत गोळ्यासारखे उगवणारे कवक सचेतन मानले जाते. वॉसन आणि हेम यांनी १९७० मध्ये यावर लिहिले. एका अळंब्याची ओळख तेथे व्याकरणाच्या प्रत्ययात जपली आहे. कोशातल्या एका शब्दाच्या अर्थातून ती कधीच कळली नसती.

आता हिवाळ्याकडे वळू. बंगळूरला वर्षाकाठी सुमारे ९५० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे नोव्हेंबरातही काही सरी येतात. परिणामी डिसेंबर उजाडला तरी बन्नेरघट्ट किंवा सावनदुर्गच्या बाजूच्या रानात पडलेले ओंडके आतून ओलसर असतात. मातीतून येणारी मऊ अळंबी तोवर संपलेली असतात. उरतात ती लाकडावरची. त्यांतील बहुतेक छत्रीसारखी दिसतच नाहीत. झाडाच्या बुंध्याशी लाखेचे रोगण दिल्यासारखा चकाकणारा गॅनोडर्मा, फांद्यांवर पंख्यासारखे थर रचणारी चिवट कवके, ओल मिळताच फुगणारे कानाच्या पाळीसारखे ऑरिक्युलेरिया. आणि सर्वत्र आढळणारे, बोटाच्या पेराएवढे, करड्या लवेचे शायझोफायलम कॉम्यून. या शेवटच्याची खूण सोपी आहे. त्याच्या खालच्या बाजूची पाती लांबीच्या दिशेने दुभंगलेली असतात. कोरड्या हवेत ती मिटतात, पाण्याचा थेंब पडला की उघडतात. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत ते सापडते. मणिपुरात त्याला कांगलायेन म्हणतात आणि ते आवडीने खातात. मराठीत त्याला रूढ नाव असल्याचे माझ्या वाचनात वा ऐकण्यात नाही. आपल्या भाषेतील नावांचा ऋतू जेथे संपतो तेथे हे रान सुरू होते.

अपवाद आहे, आणि तो नियमाला दुजोराच देतो. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर वाढणाऱ्या, घोड्याच्या खुरासारख्या कठीण कवकाला फणसोंबा किंवा फणसअळंबे म्हणतात. शास्त्रात ते फेलिनस गटात जाते. ते वर्षानुवर्षे खोडावर राहते, म्हणून हिवाळ्यातही मिळते. सहाणेवर उगाळून मुलांच्या हिरड्यांना लावण्याचा घरगुती उपचार जुना आहे. उपयोग होता म्हणून नाव पडले, आणि तेही झाडावरून पडले.

जेथे स्वतःची नावे नसतात तेथे माणूस उसनी नावे आणि उसनी पुस्तके घेतो. हिवाळ्यातील अळंब्यांवरील इंग्रजी पुस्तके युरोपातील गोठणाऱ्या रानांसाठी लिहिलेली असतात. त्यांतील मानाचे अळंबे म्हणजे फ्लॅम्युलिना, जपानात ज्याची 'एनोकी' या नावाने लागवड होते. ते बर्फातही तग धरते. त्याच लाकडावर, त्याच सुमारास, साधारण त्याच रंगाचे गॅलेरिना मार्जिनाटा उगवते आणि ते प्राणघातक आहे. भेद असा की फ्लॅम्युलिनाचा देठ खाली काळसर मखमली असतो, त्याला कडे नसते आणि बीजाणू पांढरे असतात. गॅलेरिनाच्या देठावर सहसा पुसटसे कडे असते आणि बीजाणू गंजाच्या रंगाचे असतात. युरोपातील संग्राहकाला ही जोडी पाठ असते. दख्खनच्या पठारावरील जोड्या वेगळ्या, आणि त्या पुस्तकात नाहीत. तेव्हा 'विंटर मशरूम'चे 'हिवाळी अळंबे' असे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी बंगळूरच्या रानात त्या शब्दाला त्याची वस्तू सापडत नाही.

उलट दिशेचे उदाहरण अधिक दुःखद आहे. २०११ च्या वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे एका भोजनात अमॅनिटा फॅलॉइडिस वापरले गेले आणि जानेवारी २०१२ मध्ये चिनी वंशाच्या दोन व्यक्ती दगावल्या. पूर्व व दक्षिण-पूर्व आशियातील लोक पेंढ्यावरच्या ज्या व्हॉल्व्हॅरिएला अळंब्यांना लहानपणापासून ओळखतात, त्यांच्याशी या विषारी अळंब्याचे साम्य आहे. दोन्हींच्या तळाशी पिशवी असते. परंतु व्हॉल्व्हॅरिएलाचे बीजाणू गुलाबी आणि अमॅनिटाचे पांढरे. एक पेंढ्यावर उगवते, दुसरे युरोपातून आणून लावलेल्या ओक वृक्षांच्या मुळांशी. अशा घटनांत माणसाचे ज्ञान अपुरे असते असे नाही. ते दुसऱ्या भूमीचे असते. आपल्या देशातही एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाऊन तेरा जण मरण पावले. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबे होती.

या विषाचा स्वभाव फसवा आहे. लक्षणे साधारणतः सहा ते चोवीस तासांनी दिसतात. वांत्या व जुलाब होऊन रोग्याला मध्ये बरे वाटू लागते आणि त्यानंतर यकृत निकामी होते. उकळल्याने किंवा वाळवल्याने ते विष जात नाही. म्हणून शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता, उरलेले अळंबे बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेले माणसालाही चालते, अशा ज्या कसोट्या अनेक भाषांतून ऐकू येतात त्यांपैकी एकही खरी नाही. अमॅनिटा त्या सगळ्यांतून सहीसलामत पार पडते. या कसोट्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जातात, कारण त्यांत जागा नाही आणि ऋतूही नाही; 'रोयणीची अळमी' मात्र इतक्या सहज भाषांतरित होत नाही. माझ्या दृष्टीने दोन्ही प्रकारच्या ज्ञानातील भेद नेमका येथे आहे.

ओळखीची रीत थोडक्यात अशी. अळंबे कापून न घेता तळापासून उकरून काढावे, कारण पिशवी मातीत दडलेली असते आणि कापताना नेमका तोच पुरावा मागे राहतो. कशावर उगवले, जवळ कोणते झाड आहे, एकटे की झुपक्याने, हे तेथेच लिहावे. पाती देठाला चिकटलेली की सुटी, देठावर कडे आहे की नाही, वास कसा, कापल्यावर रंग पालटतो का, हे पाहावे. मग टोपी देठावेगळी करून, पाती खाली येतील अशी, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी व वर वाडगा पालथा घालावा. काही तासांनी, निदान रात्रभराने, बीजाणूंचा ठसा उमटतो. बंगळूरच्या हिरवळींवर पावसानंतर उगवणारे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस वरून अगदी खाण्याजोगे, पांढरेशुभ्र दिसते. त्याचा ठसा हिरवट येतो, आणि ते खाणाऱ्याला रात्रभर ओकाऱ्या काढायला लावते. अर्थात एवढे करूनही जात निश्चित होतेच असे नाही; अनेकदा सूक्ष्मदर्शक लागतो. ही रीत ओळखण्यासाठी आहे, खाण्याची परवानगी मिळविण्यासाठी नव्हे. ज्याला खायचे आहे त्याच्यासाठी लागवडीची धिंगरी बाजारात असते.

अभ्यासकाचे काम याहून निराळे असले तरी रीत तीच आहे. कातकरी, ठाकर, वारली, गोंड यांच्या बोलींतील अळंब्यांची नावे गोळा करताना आपण बहुधा शब्द उकरीत नाही, कापून घेतो. वहीत एका बाजूला बोलीतील नाव आणि दुसऱ्या बाजूला 'एक प्रकारचे अळंबे' एवढीच नोंद राहते. पिशवी मातीतच राहते. नाव कोणी सांगितले, कोणत्या महिन्यात, कशावर उगवलेले दाखवून, खाण्यासाठी की टाळण्यासाठी, आणि त्याच्याशी गल्लत होणाऱ्या दुसऱ्या अळंब्याचे नाव काय, एवढ्या पाच गोष्टी नोंदीत याव्यात. शेवटची सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच विचारायची राहते. ज्यांचे जगणे या ओळखीवर चालते त्यांच्याकडे नावे नेहमी जोडीने असतात, एक ताटातले आणि एक ताटाबाहेरचे. फणसोंब्याची नोंद करायची तर ती अशी होईल: फणसाच्या जित्या किंवा जुन्या खोडावर, बारमाही, लाकडासारखे कठीण, उगाळून लावण्याचे, खाण्याचे नव्हे. कोशात त्याला जेमतेम दीड ओळ लागेल.